रक्तावरची साय

दर्शनाले आल्या असाल तर आल्या तशा मागं फिरा. इथं कोणी महात्मा राहत नाही. इथं एक बिमार माणूस राहते अन् त्याची बायको राहते, अन् त्या बायकोचं तोंड खराब हाय हे साऱ्या कारंज्याले माहीत हाय. पाया पडाचं असंल तर मंदिर दोन पावलांवर हाय.

बसता? बरं, बसा मंग. धनजहून एवढ्या उन्हात आल्या, पाणी तरी प्या. पण ते बदाम अन् श्रीफळ पिशवीतच राहू द्या. कारंज्याचे लोक दोन वर्षं झाले यायचे बंद झाले. का बंद झाले तेही सांगीन. पण खेड्यापाड्यांत कीर्ती उशिरा पोचते, म्हणून तुमच्यासारखे लोक अजून येऊन राह्यले.

ते आत पाटावर बसले हायेत न, भिंतीकडं तोंड करून, ते आमचे हे. जिनदास सेठ. बाजारात तेल-किराण्याचं दुकान. आता पोरगा माणिकचंद पाह्यते. मी हीराबाई. लग्न झालं तवा मी पंधराची होती. तवापासून या माणसाचा आवाज माह्या कानात हाय. होता म्हणा.

बाप्पा, काय आवाज होता तो! गिऱ्हाईकाले ओरडाचे, हमालाले ओरडाचे, पाऊस आला तर पावसाले ओरडाचे. अन् घरी मले. डाळीत मीठ कमी पडलं का थाळी भिंतीवर. पितळेची थाळी, माह्या माहेरची, तिले सात पोचे हायेत. मी वाढून झालं का भिंतीपासून दोन हात दूर उभी राहाची, अशी सवयच लागली होती. त्या भिंतीवर हळदीचा एवढा मोठा डाग. सोयरे आले का मी तिथं सूप टांगून ठेवाची.

पण एक सांगतो, नाहीतर तुमी म्हणाल का हिले नवऱ्याची निंदाच येते. मले टायफाइड झाला तवा या माणसानं एकवीस दिवस दुकानाचं कुलूप काढलं नाही. माह्या उशाशी बसला. अन् तवाही ओरडतच होता, पेज काहून पीत नाहीस म्हणून. त्याईले दुसरी भाषाच येत नव्हती. जीव लावला तरी ओरडून, मेलं कोणी तरी ओरडून.

मले कुठं तवा हे समजलं? मले फक्त थाळी दिसे. आपल्या जैनाईत काही पाह्यजे असलं का काही सोडा लागते, तुमाले माहीतच हाय. म्या आंबा सोडला. मंदिरात जाऊन हात जोडले अन् म्हटलं, यांचा राग जाईल तवाच आंबा तोंडात घालीन. अकरा उन्हाळे गेले. घरात रस व्हायचा, मी वाटी भरून साऱ्याईले वाढाची अन् हात धुऊन टाकाची, बोटाले लागलेला चाटलासुद्धा नाही. पहिल्या साली माणिक हसला होता, मंग विसरला. यांनी तर इचारलंही नाही का तू आंबा काहून खात नाहीस. तो राग येगळा.

अन् मंग चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याईचा राग गेला.

कसा गेला? एक दिवस डाळीत मीठ टाकाचंच विसरली मी. लक्षात आलं तवा ते अर्धं जेवून बसले होते. मी भिंतीपासून सरकली. काही नाही. मुकाट जेवले, उठले, हात धुतले. मले वाटलं तब्येत बरी नसंल. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठ दिवस झाले, पंधरा झाले, घरात आवाज नाही. माणिकच्या बायकोनं मले इचारलं, "मामंजी रागावले काय?" अवं, रागावले असते तर साऱ्या पेठेले ऐकू गेलं असतं!

मी नाचली म्हणा न. खोटं काहून बोलू? मंदिरात तुपाचा दिवा लावला. बायाईले सांगितलं का माहा त्याग फळाले आला. त्या दिवशी आंब्याचा रस केला, पुऱ्या तळल्या, अन् अकरा वर्षांनी वाटीले तोंड लावलं. माहे डोळे भरून आले गोडीनं. समोर हे बसले होते. चार-चार पुऱ्या रसात बुडवून खाऊन राह्यले होते अन् बोलत नव्हते. मले ते सुख वाटलं.

पुऱ्या कशात तळल्या तेही ऐका. बहात्तरच्या दुष्काळात लोणकढं तूप परवडेनासं झालं अन् दुकानात वनस्पती तुपाचे डबे आले. पांढरंफेक, दाणेदार. मी तेच वाढाची, अन् तूप म्हणूनच वाढाची. शिरा त्यात, बालुशाही त्यात, शेव त्यात. जवसाची चटणी अन् घाणीचं तेल घरातून बंद केलं म्या. माणिकचे सासरचे मोठे लोक, त्याईच्या पानात जवसाची चटणी काय वाढाची, असं मले वाटलं. हे आपले खाऊन घेत. कांदा नाही, लसूण नाही, दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब नाही, मंग शुद्धच खाणं झालं न! असं आमी समजत होतो.

मंग त्याईची चाल बदलली. आधी पाय उचलून टाकत, ते आता पाय घासत चालू लागले. एवढीशी पावलं. उंबऱ्यापाशी आले का थांबत, खाली पाहत राहत, मंग हळूच पाय टाकत. लोक काय म्हणाले सांगू? लोक म्हणाले, सेठ जीव-जंतू पाहून चालून राह्यले, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. साधूची चाल आली म्हणे सेठले! मंदिरात सामायिकाले बसत तर लोक दोन घडीनं उठून जात, हे दुपारपर्यंत बसलेले. म्हणे, काय ध्यान हाय! अवं, त्याईले उठताच येत नव्हतं. उठाचं हे डोक्यातून पायापर्यंत पोचतच नव्हतं. पण ते मले आज समजते. तवा मी बायाईत बसून मान डोलवत होती.

भजन लागलं का रडत. हमसून हमसून. अन् एकदा शेजारी मयत झाली, तिथं हसले. चांगले मोठ्यानं हसले. मी शरमेनं मेली. पण तिथंही एक जण बोललाच, "ज्याले संसार समजला त्याले मरणाचं काय!" झालं. लोकाईनं सभा भरवली, शाल घातली, श्रीफळ दिलं, 'धर्मानुरागी' म्हणून कागद दिला. माणिकनं तो चौकट करून दुकानात टांगला. बापाच्या शिव्यांपायी दुकानात न येणारे गिऱ्हाईक आता बापाच्या पुण्याईनं यायले लागले. तो काहून डॉक्टर आणंल? अन् मी? माह्या जल्मात पहिल्यांदा बाया मले मधात बसवून राह्यल्या होत्या. दिवाळीले म्या त्या भिंतीले चुना मारला, दोन हात मारले, डाग पुसला. सूप काढून टाकलं.

एका माणसाले मात्र समजलं होतं. सादिक. बाजाराच्या मागं त्याची तेलाची घाणी हाय, बैलाची. तीस वर्षं आमच्या दुकानाले तेल त्याचंच. रोज सकाळी दोघं भांडत. हे म्हणत तेलात गाळ हाय, तो म्हणे तुमच्या डोळ्यात गाळ हाय. एकमेकाच्या सात पिढ्या काढत, अन् मंग तिथंच बसून चहा पीत. हे आपला पेला घरून नेत, पण चहा त्याच्यासंगच पीत.

पंच्याहत्तरच्या पर्युषणात दशलक्षण झाले. दहा दिवस हे कधी खात, कधी नाही. जेवाचं विसरत, पण आमी म्हणत होतो उपास हाय. क्षमावाणीच्या दिवशी आपण साऱ्याईले हात जोडून माफी मागतो न, तसे हे निघाले. साऱ्या जल्मात कधी माफी न मागितलेला माणूस! दारोदार गेले. "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा." लोकाईच्या डोळ्यात पाणी. मी घरात बसून फुगली होती.

दिवस मावळाच्या आधी सादिक आला. दारातच उभा राह्यला. म्हणे, "भाभी, सेठ आज माह्या घाणीवर तीन बार आला. तिन्ही बार तेच बोलला, तसेच हात जोडले. पहिले आल्याचं त्याले यादच नाही."

म्या म्हटलं, "मंग? माफी कितीदा मागाची याचा हिशेब असते काय?"

"भाभी, गुस्सा नका करू. दीड साल झालं, या माणसानं मले एक गाली नाही दिली. म्या जानबूझके गाळाचं तेल दिलं, तरी नाही. माह्या अब्बाचं असंच झालं होतं. आधी चूप झाला, मंग पाय घासाले लागला, मंग काहीच नाही राह्यलं. हे धरम नाही भाभी, ही बिमारी हाय. अकोल्याले मोठ्या डॉक्टरकडं घेऊन चला. मी येतो संगं."

काय बोलली मी त्याले, ऐकाचं हाय? म्या म्हटलं, "तुले आमच्या धर्मातलं काय समजते? एका माणसाले वैराग्य आलं तर तुह्या पोटात काहून दुखून राह्यलं? तुह्या बैलाले पाह्य जाय, त्याले काही झालं असंल."

त्यानं चप्पल घातली अन् गेला. त्यानंतर तेल त्याचा माणूस आणून टाके, तो आला नाही. सव्वा वर्ष आला नाही. ते सव्वा वर्ष म्या माह्या हातानं घालवलं. कोणावर ढकलू?

सत्त्याहत्तरच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. मंदिरात पूजा चालली होती. हे नेहमीच्या जागी बसलेले, शुभ्र धोतर. अन् बसल्या जागी धोतर ओलं झालं. फरशीवरून ओघळ पुढं गेला, पूजेच्या पाटापर्यंत. त्याईले समजलंही नाही. ते हात जोडूनच बसले होते. लोक उठले, ओरडले, पाण्याच्या बादल्या आल्या. ज्या माणसानं शाल घातली होती न, तोच माणिकले बाजूला नेऊन म्हणे, "आता सेठले घरीच ठेवत जा." कोणी म्हटलं नाही का बिमार असतील. वैराग्यापासून एकदम विटाळावर आले लोक, मधात एक पायरीसुद्धा नाही.

म्या त्याईले धरून घरी आणलं. धोतर बदलताना ते माह्याकडं पाहून राह्यले होते, अन् त्या डोळ्यात ना शरम होती, ना राग. मले तवा दिसलं. हा माणूस असा शांत कसा राहील? जो सदऱ्याची एक गुंडी तुटली तर घर डोक्यावर घेत होता, तो साऱ्या गावापुढं असं झालं अन् शांत? शांत नव्हता बाई तो. तो तिथं नव्हताच.

मी तशीच घाणीवर गेली. कधी गेली नव्हती मी तिथं. सादिक बैल हाकून राह्यला होता. मले पाह्यलं अन् त्यानं बैल थांबवला. मी नुसती उभी राह्यली. त्यानं बैल सोडला, हात पुसले अन् म्हणे, "सकाळच्या गाडीनं जाऊ." एवढंच. एक शब्द मागचा काढला नाही. काढला असता तर मले बरं वाटलं असतं.

अकोल्याच्या डॉक्टरनं हाताले पट्टा बांधला, दाब पाह्यला, अन् पुन्हा पाह्यला. दोनशेच्या वर. रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी बोलावलं अन् काचेची नळी माह्यापुढं धरली. बाई, खाली लाल रक्त बसलं होतं अन् वर पांढरी साय. दुधावर येते तशी, जाड. मले वाटलं नळी कोणाची दुसऱ्याची असंल. माणसाच्या रक्तावर साय?

"ही चरबी आहे," डॉक्टर म्हणे. "यांच्या रक्तात एवढी आहे. मेंदूमध्ये केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या असतात. इतक्या वर्षांचा दाब आणि ही चरबी, दोन्हींनी त्या खराब होत गेल्या. मग एकेक बंद पडली. मोठी नळी फुटली असती तर हात-पाय लुळे पडले असते, तुम्ही धावत आणलं असतं. हे छोटे झटके होते. दुखत नाहीत, दिसत नाहीत. माणूस हळूहळू मंदावतो, गप्प होतो, चालणं बदलतं. हे किती दिवसांपासून गप्प आहेत?"

म्या म्हटलं, "अडीच वर्षं."

"अडीच वर्षं? मग तेव्हाच का नाही आणलं?"

"आमाले वाटलं, वैराग्य आलं."

डॉक्टरचा पेन थांबला. तो हसला नाही, रागावलाही नाही. खाली मान घालून लिहू लागला. म्या इचारलं, गोळ्यांनी आधीसारखे होतील काय? तो म्हणे, "जे गेलं ते येत नाही, आजी. दाब उतरवला तर पुढचे झटके थांबू शकतात. आधी आला असतात तर बरंच काही वाचवता आलं असतं." सादिक माह्या बाजूले उभा होता. त्यानं खिडकीबाहेर पाह्यलं.

मंग खाण्याचं सांगितलं. वनस्पती बंद, तळण बंद, गोड बंद, मीठ बंद. सादिकनं इचारलं, घाणीचं जवसाचं तेल चालते काय? डॉक्टर म्हणे, थोडं चालेल, कोणतं तेल रक्तात काय करतं याचा अभ्यास अजून जगात चालूच आहे. तवापासून सादिक दर महिन्याले एक शिशी आणून देते. त्याचे पैसे घेत नाही. यांच्यापुढं बसते अन् रोज एक शिवी देते, हसत हसत. वाट पाह्यते. हे हात जोडतात अन् म्हणतात, "उत्तम क्षमा." आता तेवढेच दोन शब्द राह्यले त्याईच्यापाशी. जेवण वाढलं तरी तेच, कुत्रं दारात आलं तरी तेच.

आता तुमी म्हणाल, चूक कोणाले होत नाही. तसं नाही. मले चूक झाली नाही, मले ते हवं होतं. अकरा वर्षं म्या देवापुढं एकच मागणं केलं का हा माणूस चूप व्हावा. तो चूप झाला तवा मी काहून इचारीन का कशानं झाला? वाटी भरून रस पेली मी. त्याईच्या डोक्यातली एकेक नळी बंद पडून राह्यली होती अन् मी समोर बसून पुऱ्या वाढून राह्यली होती, तुपाच्या म्हणून.

या चैत्रात म्या पुन्हा आंबा सोडला. मंदिरात नाही, कोणाले सांगून नाही. चुलीपुढं हात जोडले. या माणसानं एकदा, फक्त एकदा, थाळी फेकावी. तवा खाईन.

काल दुपारची गोष्ट सांगतो अन् मंग तुमी जा, गाडीची वेळ होईल तुमची. डाळ केली होती, बिनमिठाची, डॉक्टरनं सांगितली तशी. जी डाळ पाहून सारा जल्म हा माणूस पेटला, तीच आता त्याईची दवाई हाय. तीच पोचे आलेली थाळी. म्या वाढलं अन् भिंतीपासून दोन हात सरकली. सवय जात नाही. त्याईनं घास घेतला, चावला. मंग दोन्ही हातांनी थाळी उचलली. माहा जीव असा वर आला! म्या म्हटलं, "फेका. फेका न हो! मीठ नाही डाळीत, हीराबाईले अक्कल नाही, फेका!"

त्याईनं थाळी तोंडाले लावली, उरलेली डाळ पेली, हळूच खाली ठेवली. हात जोडले. "उत्तम क्षमा."

काय झालं मले ते मले ठाऊक नाही. म्या माह्यासाठी वाटीत वाढलेली डाळ त्या थाळीत ओतली अन् थाळी उचलून भिंतीवर फेकली. जोरानं. ठणठण करत ती पार दारापर्यंत गेली. चुना मारलेल्या भिंतीवर हळदीचा ओघळ आला. यांनी मान वळवूनसुद्धा पाह्यलं नाही.

दुकान पुढंच हाय आमचं. माणिक गिऱ्हाईक टाकून धावत आला, अनवाणी. दारात थाळी पाह्यली, भिंत पाह्यली. पन्नाशीले टेकलेला माणूस, पण त्याचं तोंड असं उजळलं का मले पाहवलं नाही.

"माय," तो म्हणे, "बाबानं फेकली काय वं?"

म्या म्हटलं, "नाही रे. म्या फेकली."